पोट-कंबरेचं ईएमजी घेताना या चुका टाळा

प्लँक, ब्रिज, बर्ड-डॉग हे व्यायाम करताना पोट-कंबरेचा कोणता स्नायू किती काम करतो, हे ईएमजीने, म्हणजे कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूचा विजेचा सिग्नल टिपून, मोजायला फिजिओथेरपीची मुलं दरवर्षी येतात. चुका मात्र त्याच त्या.

सगळ्यात जास्त जीव जातो तो डाव्या बाजूपायी. एक विद्यार्थिनी दोन महिन्यांचं रेकॉर्डिंग घेऊन आली. बर्ड-डॉगमध्ये पोटाचा डावा तिरका स्नायू ठराविक अंतराने झटके देतो, असं तिने लिहून काढलं होतं. मी एकाला परत इलेक्ट्रोडच्या तारा (लीड) लावून नुसतं उताणं झोपवलं. तिला म्हटलं, ह्याच्या मनगटावर बोट ठेव आणि स्क्रीनकडे बघ. प्रत्येक ठोक्याला एक उंच रेघ. ते हृदय होतं! हलक्या व्यायामात स्नायूचा सिग्नल लहान असतो, म्हणून हृदयाचा उठून दिसतो. तेव्हापासून पहिले दहा सेकंद मी निवांत पडलेल्या माणसाचंच रेकॉर्डिंग घेतो, आणि हृदयाचा सिग्नल कमी व्हावा म्हणून धडाच्या स्नायूंना 30 हर्ट्झच्या खालचं गाळतो. सॉफ्टवेअर आपोआप साफ करतं, असं मला कुणी सांगू नये. आधी कच्चा सिग्नल डोळ्यांनी बघा.

दुसरी चूक म्हणजे दोन माणसांच्या सिग्नलच्या आकड्यांची (मायक्रोव्होल्टची) थेट तुलना. रावेरकडचा केळीचे घड वाहणारा सडपातळ मजूर आणि पोट सुटलेला विद्यार्थी, दोघांचे आकडे शेजारी ठेवून 'मजुराचा स्नायू दुप्पट काम करतो' म्हणणं चूक आहे. चरबीचा थर सिग्नल दाबतो. ज्याची त्याची पूर्ण ताकद आधी मोजा, मग टक्केवारी काढा. पोटासाठी गुडघे वाकवून, पाय धरून, खांद्यावर विरोध देत सिट-अप. पाठीसाठी पालथं झोपवून, धड टेबलाबाहेर. पाच-पाच सेकंद, तीन वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. मुलं एकदाच घेतात आणि पुढे पळतात. पहिल्या खेपेला कुणीच खरा जोर लावत नाही. मी शेजारी उभा राहून ओरडतो, "लाव ना भो, लाव जोर!" आणि आकडा वर जातो. इलेक्ट्रोड निघून परत चिकटवला, तर हे सगळं पुन्हा करायचं.

बाहेरच्या तिरक्या स्नायूचे धागे खिशात हात घालावा तसे खाली-आत जातात. इलेक्ट्रोडची जोडी त्याच दिशेत, मध्यापासून मध्यापर्यंत 20 मिलिमीटर.

पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू ट्रान्सव्हर्सस अ‍ॅबडॉमिनिस एकटा मोजला, असं कातडीवरच्या इलेक्ट्रोडवरून लिहू नका. तो खोल आहे, आतला तिरका स्नायू त्यात मिसळतोच.

केस काढा, स्पिरिटने पुसा आणि स्पिरिट सुकू द्या. ओल्यावर चिकटवलेला इलेक्ट्रोड दुसऱ्या प्लँकला सुटतो. जळगावात मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो, तेव्हा घामाने तर हमखास. कूलर शेजारी ठेवला तर मोटरची 50 हर्ट्झची घरघर सिग्नलमध्ये येते. म्हणून मे महिन्यात आम्ही कूलर बंद ठेवून सकाळी सातला सुरू करतो आणि दहाला आवरतं घेतो.