अलक लिहायची तर गुपित आधी फोडा

अलक, म्हणजे अति लघुकथा. तिचा कच्चा खर्डा चोडण-रायबंदर फेरीबोट पलीकडे लागेपर्यंत होतो. माणसे दोन, जागा एक, प्रसंग पाच मिनिटांचा. पावसाचे वर्णन नको. गोव्यात जूनमध्ये पाऊस पडतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

खरी गोची शेवटच्या ओळीत. 'शेवटी जोरदार धक्का द्या' हा सल्ला मी तीन वर्षे इमानेइतबारे पाळला. त्या काळातल्या कथा आता मलाच वाचवत नाहीत. त्यातली ही एक. पोदेर म्हणजे आमच्याकडे दारोदार पाव विकणारा, आणि उंडे हे त्याचे पाव:

पोदेराचे पोंय पोंय ऐकून आई बाहेर आली. रोजच्यासारखे सहा उंडे घेतले. संध्याकाळी दोन उरले. बाबांना जाऊन महिना झाला होता.

लाइक पुष्कळ आले. पण म्हापशाच्या आत्याने फोन केला, "घरात एवढं घडलंय, ते शेवटपर्यंत लपवलंस कशाला गो?" काय सांगणार? वाचकाला फसवायला, दुसरे काय!

मग मी शेवटची ओळ नुसती कापली. तर दोन उंडे का उरले हेच कुणाला कळेना. शिळे होते का, असेही एकाने विचारले. तेव्हा ती ओळ कापू नका, उचलून वर न्या:

तेरावं झालं आणि पोदेर पुन्हा दारात थांबला. आईने सहा उंडे मागितले. त्याने सहा दिले, पैसे चारांचेच घेतले.

मरण पहिल्याच शब्दात सांगून टाकले, तेव्हा कुठे पोदेराला काही करायला मिळाले. आधीच्या खर्ड्यात तो नुसता भोंगा वाजवून जात होता. 'सवयीने सहा मागितले' असे लिहायचा मोह मलाही झाला. तो एक शब्द काढायला दोन दिवस लागले. 'डोळे पाणावले' मात्र दिसल्या दिसल्या खोडा.

माणूस कोंकणीत बोलत असेल तर कोंकणीतच बोलू द्या, कंसात अर्थ नको.

लांबीचे म्हणाल, तर एक्सवर 2017पासून 280 अक्षरे मिळतात, पण काना-मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते. डोळ्यांना एक दिसणारे 'स्त्री' तिथे सहा खाते. इन्स्टाग्रामवर 2200 चालतात, पण सुरुवातीच्या दोन-तीन ओळींनंतर मजकूर दुमडला जातो. गुपित वर आणल्याचा तिथे फायदाच होतो.

चित्रावर कथा टाकणार असाल तर नाव मजकुराला चिकटून लिहा. कोपऱ्यात लिहिले की लोक कोपरा कापतात. माझी उंड्यांची अलक आमच्याच घरच्या ग्रुपवर भलत्याच नावाने फिरून आली. खाली आत्याने मला उद्देशून लिहिले होते, "बघ, असं लिहावं."