गॅसगळतीचं मॉडेल शिकताना: सुरुवात अमोनियाच्या टाकीपासून

केमिकल किंवा पर्यावरण अभियांत्रिकी करून सेफ्टीकडे वळणारी कोल्हापुरातली मुलं आधी सॉफ्टवेअर उघडतात आणि गळलेला गॅस कुठवर धोकादायक ठरेल ते दाखवणारा लाल पट्टा नकाशावर काढतात. पण तो पट्टा खरा की खोटा, हे त्याआधीच ठरतं: किती गॅस, कोणत्या रूपात, किती वेगानं बाहेर पडला यावर. सगळी मेहनत इथे घाला.

सरावाला दूध प्लँटमधला अमोनिया रिसीव्हर, म्हणजे शीतकरण यंत्रणेतली द्रव अमोनिया साठवणारी टाकी घ्या. आत तापमान ३० अंश सेल्सिअस, दाब सुमारे ११.७ बार. टाकीच्या भिंतीलाच १० मिलिमीटरचं भोक पडलं असं धरा. भोक द्रवाच्या पातळीखाली असेल तर सेकंदाला साधारण १.७ किलो अमोनिया बाहेर येतो, पातळीच्या वर असेल तर जेमतेम ०.१ किलो. टाकी तीच, भोकही तेवढंच! म्हणून ड्रॉइंगवर विसंबू नका. प्लँटवर जाऊन लेव्हल गेज (द्रवाची पातळी दाखवणारा मापक) आणि नोझलची (टाकीला पाइप जोडायच्या तोंडाची) उंची डोळ्यांनी बघा.

अमोनियाचा रेणुभार १७, हवेचा २९, म्हणून तो वर उडून जाईल हा समज फार घातक. बाहेर पडताच द्रवाचा साधारण पाचवा भाग लगेच वाफ होतो आणि बराचसा उरलेला बारीक थेंबांच्या रूपात हवेत मिसळतो. हा गार ढग हवेपेक्षा जड होऊन जमिनीलगत सरकतो. इथे हवेइतक्याच वजनाच्या गॅससाठीचं साधं गाउशियन सूत्र फसतं, जड ढगासाठीचं हेवी गॅस मॉडेलच लागतं.

गॅसचा ढग किती दूर पसरेल हे काढणारं ‘अलोहा’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. अमेरिकन असल्यानं त्यात कोल्हापूर स्वतः भरावं लागतं: अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची (सुमारे ५५० मीटर). हवामान किमान दोन घ्या (वर्ग म्हणजे हवेची स्थिरता: ए सर्वात अस्थिर, एफ सर्वात स्थिर): ढगाळ दिवस, वर्ग डी, वारा सेकंदाला ५ मीटर, आणि निरभ्र रात्र, वर्ग एफ, १.५ मीटर. दुसऱ्यात धोक्याचं अंतर कितीतरी वाढतं. वारा कोणत्या उंचीवर मोजला तेही भरा. अलोहाला डोंगर-खोलगट कळत नाहीत, त्यामुळे पन्हाळ्याच्या बाजूच्या उंचसखल भागात त्याचा आकडा जपून वापरा.

३०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) ही अमोनियाची आयडीएलएच, म्हणजे जिवाला किंवा आरोग्याला तत्काळ धोक्याची मर्यादा कामगारांसाठी आहे. शिरोली, गोकुळ शिरगावसारख्या एमआयडीसीला खेटून वस्ती आहे. तिथे लहान मुलं, दम्याचे रुग्ण असतात. त्यांच्यासाठी एका तासाची एईजीएल-२ पातळी (जिच्यावर सामान्य लोकांना गंभीर किंवा दीर्घकाळ टिकणारा अपाय होऊ शकतो), १६० पीपीएम, धरा.

अहवालात अंतराशेजारीच भोकाचा आकार, भोकाची जागा, वाऱ्याचा वेग आणि हवेच्या स्थिरतेचा वर्ग लिहा. अग्निशमन दलासाठी एक ओळ हवीच: साचलेल्या द्रव अमोनियावर थेट पाणी मारू नये, पाण्याच्या उष्णतेनं वाफ वाढते, फवारा ढगावर धरावा.