साथीनंतर शाळा उघडताय? या चुका टाळा

कोविडच्या काळात शाळा एकदा उघडल्या आणि विषय संपला, असं झालं नाही. २३ नोव्हेंबर २०२० पासून राज्याने नववी ते बारावीच्या वर्गांना मुभा दिली आणि शेवटचा निर्णय जिल्ह्यांवर सोडला. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून, शहरात आठवीपासून वर्ग भरले. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा कुलूप लागलं आणि २४ जानेवारीपासून ते पुन्हा निघालं. दर वेळी तयारीचे फोटो मात्र तेच: गेटवर तापमापक बंदूक, पाठीवर पंप घेतलेला माणूस, जमिनीवर चुन्याची वर्तुळं. सादिलचा, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचा, आणि शाळा अनुदानाचा पैसा या तीन गोष्टींत गेला. दिसायला छान, पण श्वासावाटे पसरणाऱ्या आजाराला त्यांचा अडसर फार थोडा. अशी साथ पुन्हा आली, तर नाशिकच्या शाळांनी काय उलटं करायला हवं, ते पुढे दिलं आहे.

खिडक्या उघड्या आहेत असं समजणं

बंद खोलीतली हवा हाच मुख्य धोका. मे २०२१ मध्ये केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाने खेळत्या हवेवर स्वतंत्र सूचना काढली होती, तरी शाळांच्या खरेदी यादीत सॅनिटायझरच वर राहिला.

आधी प्रत्येक वर्गात जाऊन खिडक्या हाताने उघडून पाहा. निम्म्या उघडत नाहीत. कुठे मागे कपाट लावलेलं असतं, कुठे कबुतरांसाठी ठोकलेली जाळी धुळीने गच्च झालेली असते, कुठे स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स उन्हाला आडोसा म्हणून कायमचा टांगलेला असतो. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीची आणखी एक गोम आहे: दोन झडपांपैकी एकच सरकते, म्हणजे खिडकी कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. बाहेरून गज असतील तर एक झडप काढून ठेवा. जाळी काढून साबणाच्या पाण्याने धुवा.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची खरी अडचण थंडी. सकाळी सातच्या शाळेत शिक्षक साहजिकच खिडक्या लावून घेतात. निफाडकडे तर पारा एक आकडी होतो, तिथे सगळ्या खिडक्या उघडा म्हणणं क्रूरपणाचं आहे. पण थंडीत तेवढी गरजही नसते. आत उबदार आणि बाहेर गार असलं की हवा आपोआप फिरते, त्यामुळे वरचे झरोके आणि समोरासमोरच्या खिडक्यांच्या बोटभर-चारबोट फटी पुष्कळ काम करतात. झरोके पुठ्ठ्याने बुजवलेले असतील तर ते आधी मोकळे करा. मुलांना स्वेटर गणवेशाच्या रंगाचाच हवा हा हट्टही तेवढे दोन महिने सोडावा.

छताचा पंखा आतलीच हवा ढवळतो, बदलत नाही. संगणक कक्षातला स्प्लिट एसीही तेच करतो. तो बाहेरची हवा आत घेतो हा गैरसमज फार पसरलेला आहे. हवा बाहेर फेकायला एक्झॉस्ट पंखा लागतो आणि तो बसवताना दोन चुका ठरलेल्या. पहिली, उघड्या खिडकीच्या शेजारी बसवणं. मग तो त्या खिडकीतलीच हवा ओढतो आणि मागच्या बाकांपर्यंत काही पोचत नाही. पंखा दाराच्या समोरच्या भिंतीवर, वरच्या बाजूला हवा. दुसरी, उलटा बसवणं. आतून जाळीवर कागद धरा: चिकटला तर बरोबर, उडाला तर पंखा हवा आत ढकलतोय.

पंखा केवढा घ्यायचा? २० बाय २५ फुटांची, ११ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे १५५ घनमीटर हवा. ती तासातून सहादा बदलायची तर ताशी साधारण ९३० घनमीटर फेकणारा पंखा लागेल. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. इंच पाहून पंखा घेऊ नका, एकाच मापाच्या दोन पंख्यांत दुपटीचा फरक निघतो.

हवा पुरेशी बदलते का, हे कार्बन डायऑक्साइड मीटरने कळतं. शाळेला एक पुरतो, वर्गावर्गांत फिरवायचा. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दाखवतो. भरल्या वर्गात तासाच्या शेवटी, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कोणाच्या तोंडापासून किमान हातभर दूर ठेवून पाहा. ८०० च्या आत असेल तर उत्तम. १,००० च्या वर गेला तर आणखी फटी उघडा. १,५०० च्या वर असेल तर त्या खोलीत तेवढी मुलं बसवू नका. स्वस्तातले काही मीटर हा वायू मोजतच नाहीत, अंदाज छापतात. ओळखायचं असं: जवळ सॅनिटायझर फवारा. आकडा एकदम उडाला तर मीटर परत करा. घेताना ‘एनडीआयआर’ सेन्सर आहे का ते विचारा. मीटर नसेल तर उदबत्ती आहेच. मधल्या बाकावर धरा. धूर दाराकडे किंवा खिडकीकडे ओढला गेला तर ठीक, जागच्या जागी घुटमळला तर त्या बाकावरची हवा कोंडलेली आहे.

हायपोक्लोराइट अंदाजाने ओतणं

फवारणीपेक्षा पुसणं भारी, आणि रोज शाळाभर फवारण्याचं कारणच नाही. बाकांना बहुतेक दिवशी साबणाचं पाणी पुरतं. हायपोक्लोराइट हे क्लोरीनचं जंतुनाशक लागतं ते स्वच्छतागृह, नळ, कड्या-कोयंडे यांना, तेही १ टक्क्याचं. कॅन ५ टक्क्यांचा असेल तर १ लिटरला ४ लिटर पाणी, १० टक्क्यांचा असेल तर १ लिटरला ९ लिटर. प्लास्टिकच्या बादलीत, रोज ताजं. उन्हात ठेवलेल्या कॅनमधला जोर काही आठवड्यांत उतरतो, त्यामुळे वर्षभराचा साठा करणं म्हणजे पाणी विकत घेणं. आधी धूळ पुसा, मग द्रावण लावा, १० मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्याने पुसा. दाराच्या लोखंडी कडीवर ते तसंच राहिलं तर महिनाभरात गंज धरेल.

सगळ्यात धोकादायक चूक स्वच्छतागृहात होते. संडास साफ करायचं ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकापाठोपाठ ओतलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात काम करणाऱ्या मावशींचा श्वास कोंडतो. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवा, एका दिवशी एकच वापरा. फवारणी केलीच तर शाळा सुटल्यावर, सकाळी घंटेच्या आधी नाही. आणि माणसांवर तर कधीच नाही. आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच हे बजावलं होतं, तरी फवाऱ्याचे बोगदे पुढे कितीतरी दिवस उभे होते.

बंदुकीवर विसंबणं

तापमापक बंदूक लक्षणं नसलेल्या मुलाला पकडू शकत नाही. तेवढं मान्य करूनच ती वापरायची. तरी वापर चुकतो तो असा: थंडीत सायकलवरून आलेल्या मुलाचं कपाळ गार असतं, आकडा कमी येतो. उन्हात रांगेत उभ्या असलेल्याचा जास्त येतो. यंत्र ऑफिसातून आणून लगेच वापरलं तर तेही चुकतं. ते गेटवर सावलीत १५ ते २० मिनिटं आधी ठेवा आणि मुलांनाही सावलीत दहा मिनिटं थांबू द्या. मनगटावर नव्हे, कपाळावर, केस आणि घाम बाजूला सारून, ३ ते ५ सेंटिमीटरवरून. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, ही ताप मानायची रेषा. सगळ्यांचाच आकडा ९१-९२ येत असेल तर पोरं ठणठणीत आहेत म्हणून खूश होऊ नका. बटण बहुधा ‘बॉडी’ऐवजी ‘सरफेस’वर आहे.

आणि चाचणी परीक्षेच्या दिवशी घरून पॅरासिटामॉल देऊन पाठवलेलं मूल बंदुकीखालून आरामात आत जातं. यावर उपाय गेटवर नाही, नियमात आहे. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस साथीच्या वर्षी रद्द करा, बुडालेल्या चाचणीची फेरचाचणी ठेवा आणि हे पालकांना लेखी कळवा. या एका पत्राने बंदुकीपेक्षा जास्त आजारी मुलं घरी थांबतील.

बंद पडलेली टाकी तशीच सुरू करणं

शाळा महिनोन् महिने बंद होती, म्हणजे टाकीतलं आणि नळांतलं पाणीही साचूनच होतं. झाकण सरकलेलं असेल तर त्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या सापडणारच. तो डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो.

टाकी रिकामी करा, घासा, गाळ काढा. पुन्हा भरताना ५,००० लिटरला सुमारे ७५० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, ३३ टक्के क्लोरीनची. बादलीत कालवून निवळू द्या, वरचं पाणी टाकीत, खालचा चुना बाहेर. मग प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, कारण घाण टाकीपेक्षा पाइपांत जास्त असते. रात्रभर ठेवा आणि सगळं पाणी सोडून द्या. हे पाणी प्यायचं नाही; ऑफिसच्या पाटीवर आणि प्रत्येक नळावर तसा कागद लावा. उघड्या पोत्यातली जुनी पावडर वापरली तर हिशोबच चुकतो, कारण तिच्यातलं क्लोरीन हवेत उडून जातं.

रोजच्या पिण्याच्या पाण्याला विहीर किंवा बोअर असेल तर १,००० लिटरला हीच पावडर ५ ग्रॅम. महापालिकेच्या नळाला आधीच क्लोरीन असतं, तिथे मोजल्याशिवाय काही घालू नका. अर्ध्या तासाने सर्वांत लांबच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलं ते रंगावरून दाखवणारी चाचणी, घ्या. पिवळसर रंग आला आणि ०.२ पीपीएम तरी भरलं, तर पाणी चालेल. वॉटर प्युरिफायरचा जुना फिल्टर बदलाच.

सम-विषम हजेरी क्रमांकाने गट पाडणं

राज्याच्या सूचनेत एका बाकावर एक मूल, सहा फूट अंतर आणि वर्गात १५ ते २० मुलं असं होतं. वरच्याच मापाच्या खोलीत फळ्यासमोरची जागा सोडली की सहा फुटांवर १२ ते १६ मुलं बसतात. म्हणजे पन्नासच्या वर्गाचे दोन नव्हे, चार-पाच गट होतात. हे आधी बाक मांडून पाहा, वेळापत्रक नंतर करा.

गट हजेरी क्रमांकाने पाडणं सोपं पडतं, पण त्याने काहीच साधत नाही. सिडकोतली एक व्हॅन, तिच्यात अ गटाची चार आणि ब गटाची चार मुलं: वर्गात ज्यांना वेगळं केलं ती वाटेत गुडघ्याला गुडघा लावून बसली. त्यात भावंडं वेगवेगळ्या दिवशी येतात आणि आईबापांचा खाडा दुप्पट होतो. गट वाहनाने आणि वस्तीने पाडा, भावंडं एका दिवशी ठेवा. व्हॅनच्या खिडक्या दोन्ही बाजूंनी उघड्या हव्यात. वर्षभर उभ्या असलेल्या गाडीचं फिटनेस, विमा आणि टायर पालकांनी चालकाला नक्की विचारावेत.

दोन सत्रं भरवत असाल तर मध्ये किमान अर्धा तास खोली उघडी आणि रिकामी हवी. गेटवरची गर्दी १५-१५ मिनिटांच्या फरकाने सोडल्यास मोडते.

मधल्या सुट्टीचा विचार शेवटी करणं

दिवसभर मास्क सांभाळलेली मुलं मधल्या सुट्टीत वीस मिनिटं मास्क काढून, तोंडासमोर तोंड करून, मोठ्याने बोलत जेवतात. दिवसातली सर्वांत जोखमीची वीस मिनिटं हीच. जेवण वर्गात नको; व्हरांड्यात किंवा झाडाखाली, वर्गावर्गाचा घोळका वेगळा, सगळी तोंडं एका दिशेला. खिचडीची रांग लावण्यापेक्षा बसल्या जागी वाढणं बरं. तांदूळ आणि कडधान्य किती दिवस पडून होतं ते पाहा. सोनकिडे झालेलं निवडून वापरण्याचा मोह टाळा.

हात धुण्याचा हिशोब कोणी करत नाही. वीस सेकंद धुणं आणि दहा सेकंद अदलाबदल, म्हणजे एका नळावर एका मुलाला अर्धं मिनिट. २०० मुलं आणि ४ नळ असतील तर २५ मिनिटं; सुट्टी संपली. १० नळ असतील तर १० मिनिटं. नवे नळ बसवायला पैसे नसतील तर इंचभर पीव्हीसी पाइपला दीड-दीड फुटावर भोकं पाडून, एका टोकाला कॉक लावून चालतं. साबण जाळीच्या पिशवीत बांधून टांगा, नाहीतर तो पहिल्याच दिवशी मोरीत जातो.

शिक्षकाचा मास्क हनुवटीवर

शिकवताना आवाज पोचत नाही म्हणून मास्क खाली येतो, आणि सगळ्यांत जास्त बोलणारा माणूसच उघडा राहतो. कॉलर माइक घ्या. ओला झालेला मास्क बदलायला प्रत्येक दप्तरात एक जादा हवा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर मास्कची सक्ती नको.

पहिलं मूल आजारी पडल्यावर ठरवू, असं म्हणणं

त्या दिवशी घाबरगुंडीत एकतर सगळी शाळा बंद होते किंवा प्रकरण दाबलं जातं. दोन्ही टाळायचं तर तीन गोष्टी आधी तयार हव्यात. बसण्याची जागा ठरलेली आणि नकाशावर लिहिलेली, म्हणजे आजूबाजूला कोण होतं ते दहा मिनिटांत कळतं. आजारी मुलासाठी गेटजवळची, खिडकी असलेली खोली. जिन्याखालची अडगळ नाही. आणि पालकांचे चालू नंबर, कारण दीड-दोन वर्षांत निम्मे बदललेले असतात. शहरात महापालिकेच्या वैद्यकीय विभागाला, खेड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. व्हॉट्सॲप गटावर वर्ग सांगा, मुलाचं नाव नको. संमतीपत्र घेतलं म्हणजे शाळेची जबाबदारी संपली, असंही नाही.

न आलेल्या मुलांचं नाव कमी करणं

पेठ-सुरगाण्यातून द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेल्या कुटुंबांची मुलं पहिल्या घंटेला येणार नाहीत. जानेवारी ते एप्रिल हा काढणीचा हंगाम, आणि साथीत ज्यांची मजुरी बुडाली ते तर बागेवरच मुक्काम ठोकणार. हजेरीपटावर सलग गैरहजर दिसली म्हणून ‘बाहेरगावी’ असा शेरा मारून मोकळं होऊ नका. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. ते मूल कोणत्या गावच्या बागेत आहे हे शोधून तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करा. त्यांनी दाखला मागितला तर सांगा, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. दाखला मागाहून टपालाने गेला तरी चालतो.