फेकणं, डागणं, तुटून पडणं: इंग्रजी क्रियापदं वापरायची कशी

समानार्थी शब्दांची यादी पाठ करू नका. परीक्षा जवळ आली की व्हॉट्सॲपवर ती पीडीएफ फिरायला लागते. थ्रो, टॉस, हर्ल, फ्लिंग, लॉब, पेल्ट सगळे एका ओळीत आणि समोर एकच अर्थ, फेकणे. साताऱ्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवताना मला याचं फळ रोज दिसतं. यादी घडाघडा म्हणणारा मुलगा निबंधात ‘ही हर्ल्ड मी द कीज’ लिहून मोकळा होतो. मित्राने किल्ल्या दिल्या की डोक्यात घातल्या, हे वाचणाऱ्याने ठरवायचं.

एक वही घ्या आणि उदाहरणवाक्यं देणारा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. मराठी अर्थ देणारा कोश या कामाला पुरत नाही.

पहिली पायरी: फेकणाऱ्याचा हात बघा

टॉस म्हणजे हलक्या हाताने, फारसा विचार न करता: नाणं, उशी, टोपी. लॉब म्हणजे उंच कमान काढून. फ्लिंगमध्ये त्रागा आहे. पोरगं दप्तर भिरकावतं ते फ्लिंग. हीव्हला वजन लागतं. उसाची मोळी ट्रॉलीवर चढवणारा माणूस ती हीव्ह करतो, टॉस करत नाही. शाळूच्या रानात पाखरं हाकताना गोफणीतून दगड सुटतो, तो स्लिंग. कास्ट जाळ्याला, गळाला, मताला आणि नजरेलाही चालतो.

हर्लमध्ये जोर असतो, आणि बहुतेक वेळा रागही. खंडाळा तालुक्यातला बोरीचा बार ऐकला असेल. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बोरी आणि सुखेडच्या बायका ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. ‘द विमेन हर्ल ॲब्यूज ॲट ईच अदर’. इथे टॉस घालून बघा, सगळी मजा जाते.

चक हा बोलीतला शब्द, मित्रांत चालतो. क्रिकेटवर लिहिताना मात्र जपून. गोलंदाज चेंडू बोल करतो. त्याने थ्रो किंवा चक केला म्हटलं की तो आरोप होतो, कारण चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर तो चेंडू नियमबाह्य ठरतो. ‘बुमरा थ्रू अ यॉर्कर’ लिहिणाऱ्याला आपण काय म्हणून बसलो याचा पत्ताच नसतो.

दुसरी पायरी: डागणं

बंदूक आणि गोळी फायर होते, क्षेपणास्त्र लाँच होतं, बाण शूट होतो. डिस्चार्ज ही पंचनाम्याची भाषा, तिच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी पायरी: शेपूट

सगळं अडतं ते इथे. मीही इथेच बराच काळ चाचपडलो, कारण शिकवताना कुणी हे सांगतच नाही. शब्द कळलेला असतो, अर्थ बरोबर असतो आणि वाक्य तरी चुकतं. क्रियापदाच्या मागे ॲट लागतो, टू लागतो, ऑन लागतो, विथ लागतो की काहीच लागत नाही, याला मी शेपूट म्हणतो. शेपटाशिवाय क्रियापद वहीत उतरवायचंच नाही, हा माझा नियम. ‘वर म्हणजे ऑन, ला म्हणजे टू’ असं शिकवणाऱ्यांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं स्पेलिंगच्या चुकांनी केलेलं नाही.

थ्रोपासून सुरू करा. ‘ही थ्रू द बॉल टू मी’ म्हणजे मी झेलावा म्हणून टाकला. ‘ही थ्रू द बॉल ॲट मी’ म्हणजे मला लागावा म्हणून मारला. क्रियापद तेच, चेंडू तोच, शेपटाने मैत्रीचं भांडण केलं.

आता ॲटचा खरा स्वभाव बघा. ॲट नेम सांगतो, लागलं की नाही ते सांगत नाही. ‘ही शॉट द डॉग’ म्हणजे कुत्र्याला गोळी लागली. ‘ही शॉट ॲट द डॉग’ म्हणजे त्याच्या दिशेने झाडली. कुत्रा कदाचित अजून पळतोय. बत्तीस शिराळ्याच्या नागाबद्दल लिहिताना ‘द कोब्रा स्ट्रक हिम’ म्हणजे दंश झाला, ‘स्ट्रक ॲट हिम’ म्हणजे फणा मारला आणि बहुधा हुकला. बातमी लिहिणाऱ्याने हा फरक खाल्ला तर माणूस दवाखान्यात आहे की घरी, हेच कळत नाही.

फायरचं शेपूट तर विसरूच नका. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. त्याचं इंग्रजी ‘द पोलीस ओपन्ड फायर ऑन द क्राउड’ किंवा ‘फायर्ड ॲट द क्राउड’. शाळेच्या हुतात्मा दिनाच्या इंग्रजी भाषणात ‘फायर्ड द क्राउड’ असं मी वाचलंय. त्याचा अर्थ पोलिसांनी जमावाला नोकरीवरून काढलं.

पेल्ट उलट्या अंगाने चालतो. आधी मार खाणारा, मग वस्तू: ‘दे पेल्टेड द बस विथ स्टोन्स’. बोंबार्डही तसाच. आपल्याकडचे इंग्रजी पेपर ‘पेल्टेड स्टोन्स ॲट द बस’ सर्रास छापतात आणि भारतात ते खपतं, पण परीक्षेत मी विथवालंच लिहायला लावतो. त्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

आणि अटॅक. मराठीत हल्ला कुणावर तरी होतो, म्हणून हात आपोआप ऑन लिहून जातो. ‘द लेपर्ड अटॅक्ड ऑन अ गोट’. चूक. क्रियापद असेल तर मागे काही नाही: ‘अटॅक्ड अ गोट’. नाम असेल तर ऑन: ‘ॲन अटॅक ऑन अ गोट’. असॉल्टलाही हाच कायदा. पण उसातून बिबट्याने झेप घेतली तर ‘पाउन्स्ड ऑन अ गोट’, इथे ऑन हवाच. यामागे तर्क शोधत बसू नका, वेळ जातो. शेपटासकट तीन-तीन वाक्यं लिहा आणि मोठ्याने म्हणा.

चौथी पायरी: हल्ल्याची जात ओळखा

अटॅक लिहिलं तर चूक नाही, पण आपल्या भागाचा इतिहास लिहिताना ते आळशीपणाचं वाटतं. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी जावळीच्या रानात दबा धरून बसलेलं मराठी सैन्य खानाच्या फौजेवर तुटून पडलं: अँबुश्ड. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवून लुटली: हेल्ड अप द ट्रेन. अचानक छापा घालून निघून जाणं म्हणजे रेड, सरळ धावून जाणं म्हणजे चार्ज. चार्जला ॲट लावता येतो.

स्टॉर्म वापरताना आधी इतिहास तपासा. स्टॉर्म म्हणजे सुलतानढवा करून आत घुसणं. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने साताऱ्याच्या किल्ल्याला, म्हणजे आपल्या अजिंक्यताऱ्याला, वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी किल्ला महिनोन्महिने झुंजवला. मोगलांनी उडवलेल्या सुरुंगाने त्यांचीच माणसं गाडली गेली. एप्रिल १७०० मध्ये किल्ला त्यांच्या हाती आला तो बोलणी होऊन. म्हणून ‘औरंगजेब बिसीज्ड सातारा’ बरोबर, ‘लेड सीज टू सातारा’ही बरोबर, पण ‘स्टॉर्म्ड सातारा’ लिहिलंत तर व्याकरण शुद्ध आणि इतिहास खोटा.

पाचवी पायरी: भूतकाळ

थ्रू, फ्लंग, स्लंग, शॉट, स्ट्रक. कास्ट भूतकाळातही कास्टच, आणि लॉब्डला दोन बी.