बर्फाला थेट लावू नका: तुटलेलं बोट, किडनी, डोळा जपताना या चुका टाळा

शरीरापासून सुटलेला जिवंत भाग वाचणार की वाया जाणार, हे बऱ्याचदा सर्जनच्या हातात तो पडण्याआधीच ठरून गेलेलं असतं. मग ते कडबा कुट्टीत तुटलेलं बोट असो, नाही तर दात्याची किडनी. रक्त थांबलं की पेशींना प्राणवायू मिळत नाही, पण त्यांची भूक चालूच राहते. थंड केलं की ही भूक उतरते. ४ अंश सेल्सिअसला पेशींचं कामकाज शरीराच्या तापमानाच्या मानानं साधारण दहाव्या हिश्श्यावर येतं. पिशव्या, पेट्या, द्रावणं, पंप हा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा या कामात ढिलाई करायला जागाच उरत नाही.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन आहे. खाली लिहिलेल्या चुका शिकलेली, जीव तोडून धावपळ करणारी माणसंही करतात. कारण या गोष्टी त्यांना कुणी कधी सांगितलेल्याच नसतात.

बर्फात टाकलेलं बोट

अमळनेरकडच्या एका शेतकऱ्याचं बोट कुट्टीत गेलं. भावानं प्रसंगावधान राखून बोट शोधलं, धुतलं आणि गावातल्या कुल्फीवाल्याकडून बर्फ घेऊन थर्मासमध्ये टाकलं. आल्या आल्या त्यानं सांगितलं, "दादा, बोट बरफमा ठेवेल शे." झाकण उघडलं तर बोट पांढरंफटक आणि कडक. हाताला लागलं तेव्हा कळलं की ते आतपर्यंत गोठलंय. कुल्फीच्या बर्फात मीठ असतं, आणि मिठाच्या बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली उतरतं. भावाची धावपळ खरी होती, पण बोट जोडता आलं नाही.

गोठल्यावर पेशींच्या आत आणि बाहेर पाण्याचे स्फटिक तयार होतात आणि पेशी फाटतात. केशवाहिन्यांचं आतलं अस्तर सगळ्यात आधी जातं. बोटाच्या रक्तवाहिन्या जेमतेम एक मिलिमीटरच्या असतात. सर्जन सूक्ष्मदर्शकाखाली त्या जोडतात, रक्त आत शिरतं, आणि उघड्या पडलेल्या अस्तरावर लगेच गुठळी धरते. वरून बोट चांगलं दिसत असलं तरी आतून ते गेलेलं असतं.

फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ उणे १८ अंशांच्या आसपास असतो. वितळत असलेला, पाण्यात तरंगणारा बर्फ शून्यावर असतो. आपल्याला दुसरा हवा. लसीकरणाला जाणाऱ्या सिस्टरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. आइसपॅकला घाम सुटल्याशिवाय आणि हलवल्यावर आतलं पाणी वाजल्याशिवाय त्या तो लसीच्या कॅरिअरमध्ये ठेवत नाहीत, कारण काही लसी गोठल्या की निकामी होतात. बोटालाही तोच नियम लावा.

करायचं ते असं. बोटावर माती-कचरा असेल तर स्वच्छ पाण्यानं किंवा सलाइननं हलकेच धुवा, घासू नका. गॉज किंवा स्वच्छ सुती कापड सलाइनमध्ये बुडवून पिळून घ्या. सलाइन नसेल तर पिण्याचं स्वच्छ पाणी चालेल. त्यात बोट गुंडाळा. ही गुंडाळी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. मग ही पिशवी दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा, ज्यात निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी असेल. पिशवीवर पेनानं लिहा: किती वाजता तुटलं, किती वाजता थंड केलं.

बोट पाण्यात किंवा सलाइनमध्ये बुडवून ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. त्यानं कातडी फुगते, रक्तवाहिन्यांची टोकं सुजतात आणि शिवताना धरत नाहीत. डेटॉल, स्पिरिट, हळद, दूध यातलं काहीही त्यावर नको.

बोटात स्नायू जवळजवळ नसतात, म्हणून ते नीट थंड ठेवलं तर २४ तासांपर्यंतही जोडण्याचा प्रयत्न होऊ शकतो. तसंच उघडं राहिलं तर साधारण १२ तास. मनगटाच्या वरून हात तुटला असेल तर हिशोब पार बदलतो. स्नायू प्राणवायूशिवाय लवकर मरतात, म्हणून तिथं थंड ठेवूनही १२ तास आणि न ठेवता जेमतेम ६ तास धरतात. मळणी यंत्रानं ओढून-चिरडून निघालेला भाग जोडणं कुट्टीच्या सरळ कापापेक्षा खूप अवघड असतं. तरी तुकडा टाकून देऊ नका. त्यातली कातडी, नख, हाड सर्जनला दुसरीकडे वापरता येतं.

जखमी माणसाच्या बाबतीत

रक्त थांबवायला तार किंवा नायलॉनची दोरी आवळतात. तिनं खालच्या शिरा आणि नसा चिरडतात. जखमेवर स्वच्छ कापडाची जाड घडी ठेवा, घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. बोट कातडीच्या धाग्यावर लटकत असेल तर तो धागा कापू नका, त्यातून एखादी शीर चालू असू शकते. अंगठी लगेच काढा. सूज आल्यावर ती निघत नाही. धीर यावा म्हणून चहा-बिस्किट देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण अशा वेळी देऊ नका. पोटात अन्न असलं की भूल देणं लांबतं.

निघण्याआधी फोन करा. रक्तवाहिन्या जोडणारे प्लास्टिक सर्जन सगळ्या दवाखान्यांत नसतात. एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात जे तास जातात, ते बर्फ परत देत नाही.

पेटीत काय आहे हे न पाहता पेटी निघते

अवयवदानाकडे येऊ. आपल्याकडे बहुतेक अवयव अजून बर्फाच्या पेटीतूनच जातात, आणि पेटी नीट भरली तर ही जुनी पद्धत चांगलीच आहे. दात्याच्या शरीरातच अवयवांतून थंड द्रावण सोडून रक्त धुऊन काढतात. मग अवयव पहिल्या निर्जंतुक पिशवीत, थंड द्रावणात पूर्ण बुडेल असा. दुसऱ्या पिशवीत थंड सलाइन. त्यावर तिसरी पिशवी. हे सगळं बर्फाच्या पेटीत. मधल्या सलाइनच्या पिशवीला कंटाळू नका, तीच अवयवाला बर्फाच्या थेट स्पर्शापासून वाचवते. घाईत ती गाळली की अवयवाचा एक भाग बर्फाला चिकटून गोठतो, आणि ते वरून दिसतही नाही. पिशवीत हवा राहिली तर अवयवाचा वर तरंगणारा भाग द्रावणाबाहेर कोरडा राहतो. म्हणून हवा काढूनच गाठ मारा.

बर्फ जास्त टाकला की काम चांगलं झालं, असं मानू नका. नुसत्या बर्फात ठेवलेलं हृदय २ अंशांच्याही खाली जाऊ शकतं. म्हणूनच आता ४ ते ८ अंशांत तापमान राखणाऱ्या खास पेट्या आल्या आहेत. फुप्फुसं १० अंशांवर जास्त चांगली टिकतात, असं टोरांटोच्या सर्जनांच्या कामातून पुढं आलंय. पेटीत तापमापक असावा आणि त्याचा काटा बाहेरून दिसावा. ड्राय आइस पेटीजवळही नको, तो उणे ७८ अंशांचा असतो.

पेटी गाडीच्या डिकीत ठेवणं ही खान्देशातली खास चूक आहे, आणि ती बघून जीव कळवळतो. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. पेटी आत, एसीच्या जागेत, माणसाच्या नजरेसमोर असावी. वाटेत झाकण उघडून बघण्याचा मोहही टाळा. आतलं तापमान दाखवायला तापमापक आहे.

आता तासांचा हिशोब. हृदयाला साधारण ४ तास, फुप्फुसांना ६ ते ८, लिव्हरला १२ पर्यंत, किडनीला २४ तास आणि गरज पडली तर थोडे जास्त. जळगावहून छत्रपती संभाजीनगर सुमारे १६० किलोमीटर, वाटेत अजिंठ्याचा घाट. धुळ्याहून नाशिकही तेवढंच. किडनीला हा रस्ता जड नाही, हृदयाला जड आहे. घड्याळ गाडी निघाल्यापासून नव्हे, दात्याच्या महाधमनीवर क्लॅम्प (रक्त थांबवणारा चिमटा) लागल्यापासून मोजायचं. ती वेळ पेटीवर लिहिलेली नसेल तर पेटी घेऊ नका, आधी विचारून लिहून घ्या.

सारख्या नावाची दोन द्रावणं

विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउथर्ड यांनी १९८० च्या दशकात बनवलेलं द्रावण सगळीकडे 'यूडब्ल्यू' म्हणून ओळखलं जातं. बेल्झरांच्याच नावाचं दुसरं द्रावण पंपासाठी, म्हणजे अवयवातून द्रावण फिरवत ठेवणाऱ्या यंत्रासाठी आहे. पेटीत ठेवायच्या द्रावणात पोटॅशियम खूप, लिटरमागे सुमारे १२५ मिलिमोल. पंपाच्या द्रावणात त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं, आणि सोडियम जास्त. लेबल पूर्ण वाचा, फक्त नाव बघून पिशवी लटकवू नका. पोटॅशियमवालं द्रावण लिव्हरमधून न धुता रक्त सोडलं तर ते पोटॅशियम थेट रुग्णाच्या हृदयाकडे जातं आणि हृदय बंद पडू शकतं. पिशवीत गढूळपणा किंवा कण दिसले, ती कधी गोठलेली असली, तर ती बाजूला काढा.

पंप वाजतो तेव्हा

किडनीचा थंड पंप द्रावण धमनीतून हलक्या दाबानं, साधारण ३० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास, फिरवत राहतो. याचा फायदा खरा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या अभ्यासात ३३६ दात्यांची एक किडनी पंपावर आणि दुसरी बर्फात ठेवली होती. प्रत्यारोपणानंतर किडनी उशिरा चालू होण्याचे प्रकार पंपाच्या बाजूला ७० आणि बर्फाच्या बाजूला ८९ होते.

पडद्यावर प्रतिरोध, म्हणजे द्रावणाच्या वाटेतला अडथळा, जास्त दिसला की नवखे दाब वाढवतात. तसं करू नका. सुरुवातीला प्रतिरोध जास्तच असतो, पुढच्या तासांत आपोआप उतरतो आणि प्रवाह वाढतो. उतरलाच नाही तर आधी नळी कुठं मुडपली आहे का ते बघा, मग धमनीला पीळ पडलाय का, मग कॅन्युला (धमनीत घातलेली नळी) खूप आत जाऊन एकाच फांदीत अडकली आहे का. दाब वाढवलात तर नाजूक वाहिन्यांचं अस्तर सोलून निघेल. उलट, प्रतिरोध एकदम शून्याकडे गेला आणि प्रवाह भरपूर दिसला तर खूश होऊ नका. कुठली तरी न बांधलेली फांदी गळतेय. तिला गाठ मारा.

बुडबुड्याचा अलार्म वाजला की पंप थांबतो आणि तो थांबायलाच हवा. हवेचा बुडबुडा किडनीतल्या बारीक वाहिनीत अडकला की तेवढा भाग उपाशी राहतो. अलार्म बंद करून पुढं ढकलू नका, नळीतली हवा काढा. पंपाच्या पेटीतही बर्फाबरोबर पाणी टाकायला विसरतात. नुसते खडे भिंतीला जागोजागी टेकतात, मधे हवा राहते आणि थंडावा पोचत नाही.

लिव्हरला ३७ अंशांवर, रक्तावर चालवणारी यंत्रं वेगळ्या स्वभावाची आहेत. त्यात लिव्हर पित्त काढतं, रक्तातलं लॅक्टेट (प्राणवायू कमी पडल्यावर साठणारं आम्ल) खाली आणतं, म्हणजे बसवण्याआधीच त्याची परीक्षा घेता येते. झुरिकच्या पथकानं २०२१ साली असं तीन दिवस यंत्रावर ठेवलेलं लिव्हर रुग्णाला बसवलं. पण थंड पंप बंद पडला तर किडनी निदान थंड द्रावणात पडून राहते. गरम यंत्र बंद पडलं तर लिव्हर गरमच असतं, पूर्ण भुकेचं असतं, आणि मिनिटांत नुकसान होतं. म्हणून वीज जाणाऱ्या आपल्या भागातून असं यंत्र न्यायचं ठरलं तर बॅटरी, ऑक्सिजनचा जास्तीचा सिलिंडर आणि बर्फाची भरलेली पेटी, तिन्ही सोबत हवीत. यंत्र दगा देतंय असं दिसलं तर लिव्हर थंड द्रावणानं धुऊन पेटीत टाकण्याचा निर्णय कोण घेणार, हे निघण्याआधीच ठरवा.

डोळे

नेत्रदानाला कुठलंही मोठं यंत्र लागत नाही, तरी घरातल्या पंख्यामुळं डोळे वाया जातात. मृत्यूनंतर पापण्या अर्धवट उघड्या राहतात, वर पंखा फिरत असतो आणि कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, सुकतो. पंखा बंद करा, एसी असेल तर चालू ठेवा. पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा आणि तो सुकला की पुन्हा ओला करा. डोक्याखाली उशी द्या. डोळ्यांवर बर्फाचा खडा ठेवू नका. ६ तासांच्या आत डोळे काढले जायला हवेत, आणि उन्हाळ्यात तर त्याहूनही लवकर. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन यांमुळं नेत्रदान अडत नाही.

नेत्रपेढीत कॉर्निया एमके द्रावणात साधारण ४ दिवस टिकतो, कॉर्निसॉलसारख्या द्रावणात १४ दिवसांपर्यंत, दोन्ही वेळा २ ते ८ अंशांवर. गुलाबी एमके द्रावण पिवळट झालं की त्यात जंतू वाढून आम्ल झाल्याची शक्यता असते. ती बाटली वापरायची नाही. फ्रीजमध्ये बाटली फ्रीझरच्या कप्प्याला टेकवून ठेवली तर कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी मरतात, आणि त्या माणसात पुन्हा तयार होत नाहीत.

नेत्रपेढीची माणसं घरी येतात, मृतदेह कुठं न्यावा लागत नाही, काम अर्ध्या तासात आटोपतं. उशीर होतो तो कागदांमुळं. डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला आधी घेऊन ठेवा, सही करायला जवळचा नातेवाईक आणि साक्षीला दोन माणसं घरातच थांबवा, आणि फोन करताना गावाबरोबर मृत्यूची नेमकी वेळही सांगा.