ग्रॅनाइटमधले मॉलिब्डेनम आणि शिसे शोधताना या चुका टाळा

ग्रॅनाइटमध्ये गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरा, शिरांच्या कडेने मॉलिब्डेनाइटचे, म्हणजे मॉलिब्डेनमच्या खनिजाचे, चंदेरी पापुद्रे आणि थोड्या अंतरावर गॅलिना या शिशाच्या खनिजाचे जड, चौकोनी तुकडे. अशा जागेचा अहवाल हाती आला की दोन्ही धातूंचा एकत्र हिशेब मांडायचा मोह होतो. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. मॉलिब्डेनम सहसा जास्त तापमानाला, ग्रॅनाइटच्या माथ्याजवळ साचते. शिसे बहुधा नंतर, निवत चाललेल्या द्रावणातून आणि बाहेरच्या अंगाला येते. दोघांचा माग वेगवेगळा काढावा लागतो.

ओळखीतच घोटाळा

मॉलिब्डेनाइट आणि ग्राफाइट दिसायला इतके सारखे की १७७८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेलेने मॉलिब्डेनाइटपासून वेगळे आम्ल मिळवून दाखवेपर्यंत भल्याभल्यांची गल्लत होत होती. आजही जागेवर उभे राहून नुसत्या चमकेवर विसंबू नका. झिलई असलेल्या चिनी मातीवर घासा: मॉलिब्डेनाइटची रेघ हिरवट झाक मारते, ग्राफाइटची काळी-करडी उमटते. वजनही फसवत नाही, कारण मॉलिब्डेनाइटचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.७ आणि ग्राफाइटचे २.२ आहे. खडकावरची पिवळी भुकटी लिमोनाइट, म्हणजे लोखंडाचा साधा गंज, म्हणून झटकून टाकू नका. ती फेरीमॉलिब्डाइट असू शकते, म्हणजे मॉलिब्डेनाइट कुजून उरलेली खूण.

वुल्फेनाइट दिसले म्हणून खाली मॉलिब्डेनाइट आहेच, असे धरणे

शिसे आणि मॉलिब्डेनम एकाच स्फटिकात दिसले की माणूस हुरळतो. पण वुल्फेनाइट हे दोन्ही धातू असलेले खनिज शिशाच्या साठ्याचा वरचा भाग हवापाण्याने कुजताना बनते आणि त्याला लागणारे थोडेसे मॉलिब्डेनम आजूबाजूच्या खडकांतूनही पाण्याबरोबर येऊ शकते. ऑस्ट्रियातले ब्लायबर्ग आणि स्लोव्हेनियातले मेझित्सा वुल्फेनाइटसाठी प्रसिद्ध आहेत. दोन्हीकडे खाणी होत्या त्या चुनखडकातल्या शिसे-जस्ताच्या.

मातीचे नमुनेही असेच चकवतात. शिसे शिरेजवळ चिकटून राहते. मॉलिब्डेनम अल्कधर्मी पाण्यात विरघळून दूर जाते, तर आम्लधर्मी मातीत लोहाच्या ऑक्साइडांना धरून बसते. म्हणून दोन्ही नकाशे एकमेकांवर जुळले नाहीत तर घाबरू नका, आधी मातीचा सामू मोजा. शिवाय ग्रॅनाइटमधल्या पोटॅश फेल्डस्पार या खनिजामध्ये पोटॅशियमच्या जागी थोडे शिसे मुळातच असते. चार आम्लांनी संपूर्ण विरघळवलेल्या नमुन्यात तेही मोजले जाते आणि साधा ग्रॅनाइट शिशाचा साठा वाटू लागतो.

जुन्या अहवालातला टक्का

महायुद्धांच्या काळात पोलादासाठी मॉलिब्डेनमची मागणी एकाएकी वाढली आणि अनेक लहान जागा घाईने उकरल्या गेल्या. नॉर्वेतली क्नाबेन खाण इतकी मोलाची ठरली की १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांनी तिच्यावर बाँब टाकले. त्या काळचे आकडे वाचताना ते शुद्ध धातूचे आहेत, सल्फाइडचे (मॉलिब्डेनाइटचे) की ऑक्साइडचे, हे पाहा. सल्फाइडमध्ये मॉलिब्डेनम ६० टक्के, ऑक्साइडमध्ये ६६.७ टक्के. म्हणजे ०.५० टक्के मॉलिब्डेनाइट म्हणजे केवळ ०.३० टक्के धातू. आणि निवडून वेचलेल्या तुकड्यांवरून सबंध शिरेची प्रत ठरवू नका.

ड्रिलिंगमध्ये हरवते ते, आणि बाहेरून येते ते

मॉलिब्डेनाइट नखाने ओरखडता येईल इतके मऊ. भेगाळ भागात ते ड्रिलच्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि कोअर, म्हणजे ड्रिलने बाहेर काढलेला खडकाचा दांडा, गरीब दिसतो. कोअर किती टक्के हाती आला याची नोंद प्रत्येक टप्प्याला ठेवा, चिखलाचेही पृथक्करण करून घ्या. उलट दिशेची चूक त्याहून वाईट: ड्रिलच्या सांध्यांना लावायच्या काही ग्रीसमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड असते, काहींत शिसे. शोधायचे नेमके तेच दोन धातू! ग्रीसचा डबा उघडण्यापूर्वी त्यावरचे घटक वाचा आणि त्याचाही एक नमुना प्रयोगशाळेत पाठवा. दळणयंत्रालाही मॉलिब्डेनाइट माखून राहते, म्हणून श्रीमंत नमुन्यानंतर निव्वळ गारेची वाळू दळून घ्यावी.

भोक शिरांना समांतर गेले तर एकच शीर शेकडो फूट लांब दिसते किंवा एकही भेटत नाही. आधी शिरांचा कल मोजा, मग रिग लावा.

भोवतालच्या (यजमान) ग्रॅनाइटलाच उगम मानणे

कोलोरॅडोतल्या रेड माउंटनवर पहिल्या महायुद्धात उराड नावाची वरची जागा खणली गेली. त्याच डोंगराखाली खोलवरचा हेंडरसन साठा १९६० च्या दशकात सापडला आणि १९७६ पासून उत्पादन देऊ लागला. तिथला भोवतालचा सिल्व्हर प्लूम ग्रॅनाइट सुमारे १४० कोटी वर्षांचा आहे. मॉलिब्डेनम आणणारे अंतर्वेधी (खालून वितळलेल्या रूपात घुसून थिजलेले) खडक मात्र सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणून मॉलिब्डेनाइटचे वय रेनियम-ऑस्मियम पद्धतीने (किरणोत्सारी रेनियमचे किती ऑस्मियम झाले यावरून) काढा आणि ग्रॅनाइटमधल्या झिरकॉन या खनिजाच्या वयाशी ताडून पाहा. वये जुळली नाहीत, तर बाहेरचे शिसे आणि वरच्या बारीक शिरा एखाद्या न दिसलेल्या, तरुण ग्रॅनाइटकडे बोट दाखवत असतील, आणि पुढचे भोक कुठे नि किती खोल घ्यायचे याचा विचार नव्याने करावा लागेल.