फॉस्टर केअरमध्ये आलेलं मूल: पहिले सहा महिने कसे काढायचे

कोल्हापुरात ‘दत्तक’ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. नाव बदललं, घराणं बदललं. फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी भाषेतल्या प्रतिपालकत्वात, मूल काही काळापुरतं दुसऱ्या कुटुंबात राहतं, आणि असं काहीच होत नाही. मुलाचं आडनाव, जात, धर्म जिथल्या तिथे राहतात. आई, बाप किंवा आजी बहुतेकदा हयात असतात, भेटायला येऊ शकतात, आणि त्यांची घडी बसली की मूल परत जाऊ शकतं. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, हे आधीच नीट सांगा. पुढची निम्मी भांडणं इथूनच निघतात.

कायदा थोडक्यात. २०१५च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम ४४ खाली बालकल्याण समितीचा आदेश लागतो. घराची चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही मूल सांभाळू शकते, मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगाच दिला जातो. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत. मूल सहसा सहा वर्षांच्या पुढचं असतं. समितीने दर महिन्याला घर तपासावं असं कायदाच सांगतो, तेव्हा कुणी येऊन मुलाशी एकट्याने बोललं तर अपमान वाटून घेऊ नका. मूल आजीकडेच राहणार असेल तर नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी दरमहा मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेची चौकशी आधी करा.

घराचा फायदा होतो का? रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २०००च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतली १३६ लहान मुलं घेतली होती. चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून निम्मी कुटुंबांत पाठवली, निम्मी संस्थेच्याच देखभालीत राहिली. कुटुंबांत गेलेल्यांची बुद्धी आणि माणसांशी जवळीक दोन्ही जास्त वाढली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सर्वांत जास्त. आपल्याकडे मूल येतं तेच सहा-सात वर्षांचं होऊन. सुधारणा होते, पण तिला वेळ लागतो. सगळ्यांत जास्त नुकसान करते ती घरांची अदलाबदल. दोन-तीन घरं बदललेलं मूल चौथ्या घरात जीव लावायचंच टाळतं. म्हणून तुमची खात्री होईपर्यंत ‘नाही’ म्हणा; तीन महिन्यांनी परत पाठवण्यापेक्षा ते बरं.

पाहुणेपण, आणि ते संपल्यावर

पहिले दोन ते सहा आठवडे मूल फार शहाण्यासारखं वागतं. न सांगता ताट उचलतं, काही मागत नाही. शेजारी म्हणतात, किती गुणी आहे! हा गुण नसतो, ती भीती असते. मग एक दिवस छोट्या कारणावरून वस्तू फेकली जाते, खोटं बोललं जातं, तुमच्याच मुलाला चिमटा बसतो. नेमकं इथे घरात वाक्य येतं, ‘आता खरे रंग दाखवायला लागलं.’ खरं तर आता त्याला वाटू लागलंय की हे घर टिकतं का ते पाहावं. त्या वेळी प्रश्न विचारू नका. मुलाच्या उंचीला बसा, आवाज खाली आणा, एकच छोटं वाक्य बोला: ‘मी इथेच बसलोय.’ समजावणं राग उतरल्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने. ‘परत पाठवीन’ ही धमकी एकदाही नको, चेष्टेतसुद्धा नको. मारणं तर नाहीच. बऱ्याच मुलांसाठी हात उचलला जाणं म्हणजे जुनं घर परत येणं.

अन्न

उशीखाली भाकरी, दप्तरात सडलेलं केळं सापडेल. ही चोरी नाही. ज्या पोराला कधी रात्रीचं जेवण मिळेल की नाही याची खात्री नव्हती, ते साठा करणारच. उपाय साधा आहे. त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा, त्यात शेंगदाण्याचे लाडू, चुरमुरे, राजगिऱ्याच्या वड्या. न विचारता केव्हाही खायची मुभा द्या, आणि संपला की काही न बोलता भरा. डबा रिकामा राहू दिलात तर साठवणूक पुन्हा सुरू होते. जेवणाच्या वेळा रोज त्याच ठेवा. तांबड्या रश्शाचा तिखटपणा पहिल्याच दिवशी लादू नका. मूल आधी काय खात होतं ते विचारून आठवड्यातून दोनदा तेच करा.

रात्र आणि तब्येत

अंथरूण ओलं होणं या वयातही होतं. गादीवर प्लास्टिकची चादर, उशाशी कोरडे कपडे, संध्याकाळी सातनंतर पाणी कमी, झोपताना लघवीला पाठवणं, एवढं करा. सकाळी चादर गुपचूप बदला. घरातल्या इतर मुलांना कळता कामा नये. पूर्वी कोरडं राहणारं मूल अचानक ओलं करू लागलं तर आधी लघवीची तपासणी करा, बद्धकोष्ठता आहे का बघा. पहिल्या महिन्यात सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे हिमोग्लोबिन, डोळे, कान, दात आणि लसीकरण तपासून घ्या, जंताच्या गोळीबद्दल विचारा. ‘लक्ष देत नाही’ म्हणून ज्याला शाळेत बोलणी बसतात, त्याला कधी फळ्यावरचं दिसत नसतं, तर कधी नीट ऐकू येत नसतं.

शाळा आणि शेजार

जुनी शाळा जवळ असेल तर बदलू नका. बदलावी लागली तर दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतचा प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षणहक्क कायद्यात तसं आहे. वर्गशिक्षकांना एवढंच सांगा की मूल आमच्याकडे राहतं, आणि वंशवृक्ष काढण्यासारखा गृहपाठ द्यायच्या आधी कळवा. बाकीचा इतिहास त्याचा आहे. गल्लीत विचारणारे असतातच. ‘आमच्याकडे राहायला आहे’ एवढं एक वाक्य घरातल्या सगळ्यांनी पाठ करून ठेवा. व्हॉट्सॲप स्टेटसला फोटो टाकू नका. मुलाची ओळख उघड होण्याविरुद्ध कलम ७४ आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आई’ म्हणायला लावू नका. मावशी, काकी, मामा, जे तोंडात बसेल ते.

तुमच्या स्वतःच्या मुलालाही रोज वीस मिनिटं वेगळी द्या. त्याचा पलंग, त्याची सायकल न विचारता वाटून टाकलीत तर राग पाहुण्यावर निघतो.

भेटी

आई किंवा वडील भेटून गेले की पुढचे दोन-तीन दिवस वाईट जातात. झोप मोडते, जेवण सुटतं, उलट बोलणं वाढतं. यावरून घरं एकच निष्कर्ष काढतात की भेटीच बंद कराव्यात. तसं करू नका. समिती बंद करत नाही तोवर भेट ठरल्या दिवशी झालीच पाहिजे. भेटीनंतर पाहुणे, लग्न, परीक्षा काही ठेवू नका. रंकाळ्यावर एक फेरी पुरते. आईबद्दल वाईट बोलू नका, ती दारू पीत असली तरी. मूल स्वतःला तिचंच समजतं. तारीख आणि वागणूक दोन ओळींत वहीत लिहा. दर भेटीनंतर मूल घाबरत असेल किंवा अंगावर खुणा दिसल्या तर ही वही बाल संरक्षण कक्षाला दाखवा. तातडीचं असेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा.

परत जाताना

‘किती दिवस राहायचं?’ याला खोटं उत्तर देऊ नका. ‘समिती ठरवेल, मला कळलं की आधी तुला सांगीन’ असं म्हणा. तारीख ठरली की किमान दोन आठवडे आधी सांगा आणि जमल्यास मधे एक-दोन रात्री तिकडे राहू द्या. पहिल्या दिवसापासून दुसऱ्या एका वहीत फोटो, प्रगतिपुस्तक, दिवाळीत केलेल्या किल्ल्याचं चित्र, दाताच्या डॉक्टरांचं कार्ड चिकटवत राहा, ती वही त्याच्याबरोबर जाते. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून देऊ नका, चेन असलेली धड बॅग आणा. आणि लाडवाचा तो डबाही द्या, भरून.